मृतांचा आकडा आला कुठून? वादळावरचा विश्वकोशीय लेख तपासताना

वादळांवरचे विश्वकोशीय लेख दिसायला फार नीटनेटके असतात. बाजूला माहितीचौकट, तिच्यात वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब, खाली वादळाच्या वाटेचा ठिपक्याठिपक्यांचा नकाशा, मग हवामानशास्त्रीय इतिहास, पूर्वतयारी, परिणाम, पुनर्बांधणी अशी ठरलेली प्रकरणं. इंग्रजी विकिपीडियावर तर वादळांच्या लेखांसाठी संपादकांचा स्वतंत्र गटच आहे आणि त्याने हा साचा पक्का बसवून दिला आहे. असा लेख ‘जरा दर्जा तपासून द्या’ म्हणून पुढ्यात आला, की नवखा परीक्षक निम्मा तिथेच शरण जातो. एवढे आकडे, एवढे संदर्भ, आपण काय चूक काढणार? मग शुद्धलेखनाच्या चार दुरुस्त्या सुचवून तो मोकळा होतो.

माझं सांगणं असं, की हा लेख वरून खाली वाचूच नका. आधी मृतांचा आकडा शोधा. तो कुणी मोजला, कसा मोजला आणि कधीपर्यंतचा आहे, हे लेख सांगतो का ते बघा. वाऱ्याचा वेग, दाब, वादळाची वाट या गोष्टी एक-दोन अधिकृत अहवालांतून उतरवून घेता येतात. तिथेही चुका होतात, पण त्या चटकन सापडतात आणि दुरुस्तही होतात. माणसं किती मेली, कोणती मेली आणि कशाने मेली, हा भाग मात्र उतरवून घेता येत नाही. तिथे चार साधनं समोर ठेवून वाचावी लागतात, एकमेकांशी ताडून बघावी लागतात. लेखकाने कष्ट घेतलेत की नाही, ते तिथेच उघड होतं.

सरावासाठी एक खरं वादळ घेऊ. ८ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगत असलेल्या गॅल्व्हस्टन या बेटावरच्या शहरावर हरिकेन आदळलं. त्या वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३७,७८९ होती. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेनऊ फुटांवर, आणि वादळाबरोबर चढून आलेलं पाणी पंधरा फुटांच्या वर. साडेतीन हजारांहून जास्त घरं साफ झाली. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी घेणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती नाही. साधनं भरपूर आहेत, दंतकथाही भरपूर आहेत, म्हणून परीक्षकाचा हात बसायला हे वादळ उत्तम.

समजा, तुमच्यासमोर आलेल्या लेखात हा परिच्छेद आहे. (तो मी सरावापुरता रचला आहे, पण अशा वाक्यांची गाठ तुम्हाला पावलोपावली पडेल.)

“८ सप्टेंबर १९०० रोजी गॅल्व्हस्टन येथे ताशी २३३ किलोमीटर वेगाच्या श्रेणी ४ च्या महाभयंकर चक्रीवादळाने थैमान घातले. या आपत्तीत ८,००० निष्पाप नागरिकांना आपल्या प्राणांस मुकावे लागले. हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी घोड्यावरून समुद्रकिनाऱ्यावर फिरून हजारो लोकांचे प्राण वाचवले. हे जगातील सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ मानले जाते.”

चार वाक्यं आहेत आणि चारही अडचणीची आहेत.

पहिल्या वाक्यातला वेग घ्या. गॅल्व्हस्टनच्या हवामान कार्यालयातलं वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र ताशी सुमारे १०० मैलांची नोंद करून उडून गेलं. म्हणजे वादळ ऐन भरात असताना शहरातला वारा कुणी मोजलेलाच नाही. आज जे आकडे छापले जातात ते हवेच्या दाबाच्या नोंदी, जहाजांच्या नोंदी आणि झालेलं नुकसान यांवरून नंतरच्या अभ्यासकांनी बांधलेले अंदाज आहेत. अंदाज वाईट नसतो, पण वाक्यात ‘अंदाजे’ हा शब्द हवा आणि अंदाज कुणाचा तेही हवं. शिवाय २३३ हा आकडा स्वतःच चुगली करतो. अमेरिकी संस्था वादळांचे वेग नॉटमध्ये, पाचच्या पटीत देतात. १२५ नॉट म्हणजे सुमारे १४५ मैल. त्याचे किलोमीटर करताना कुणीतरी गणकयंत्रावर गुणाकार केला आणि आला तो आकडा जसाच्या तसा उतरवला. मुळात पाचच्या पटीत असलेल्या अंदाजाला एकेका किलोमीटरची अचूकता चिकटवायची नसते. २३० लिहावं.

आणखी एक खोच. कुठलंही वादळ आपला सर्वांत जास्त वेग बहुधा भर समुद्रात गाठतं आणि किनाऱ्याला लागेपर्यंत थोडंफार उतरतं. २०१७ सालच्या मारिया हरिकेनचा कमाल वेग ताशी १७५ मैल होता, पण पोर्तो रिकोच्या किनाऱ्याला ते लागलं तेव्हा १५५. माहितीचौकटीत कमाल वेग असतो. मजकुरात ‘शहरावर ताशी अमुक वेगाने धडकलं’ असं लिहिताना लेखक चौकटीतलाच आकडा उचलतो. ही चूक इतक्या लेखांत दिसते, की तिची वेगळी तपासणी करायची सवयच लावून घ्या.

‘श्रेणी ४’ हे लेबलही मागाहून लावलेलं आहे. श्रेणींचं हे माप इंजिनिअर हर्बर्ट सॅफिर आणि हवामानतज्ज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. १९०० साली गॅल्व्हस्टनमध्ये श्रेणी नावाची गोष्टच नव्हती, वादळांना नावं देण्याची पद्धतही नव्हती. ‘श्रेणी ४ चा इशारा असूनही लोक हलले नाहीत’ असं एखादं वाक्य दिसलं, तर लेखकाने आजचा चष्मा लावून भूतकाळ बघितला हे ओळखावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०१० पासून हे माप फक्त वाऱ्याचं आहे. समुद्राचं पाणी किती चढेल याचा त्यातून पत्ता लागत नाही. गॅल्व्हस्टनची माणसं मुख्यतः पाण्यात आणि पाण्याबरोबर वाहत आलेल्या घरांच्या ढिगाऱ्याच्या माऱ्यात मेली. ज्या लेखात श्रेणीचा उल्लेख सहा वेळा आणि चढलेल्या पाण्याचा एकदाच येतो, त्याच्या लेखकाला हे वादळ कळलेलं नाही.

मराठी लेखात हमखास येणारी एक तुलना इथेच उरकून टाकतो. २०२० साली श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यावर आलेल्या निसर्ग वादळाशी एखाद्या हरिकेनचा वेग जुळवून दाखवायचा मोह होतो. भारतीय हवामान विभाग वाऱ्याचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने देतो, अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे तर तशी टीप हवी. टीप नसेल तर तुलना काढून टाका म्हणून सांगा.

आता दुसरं वाक्य. ८,००० हा आकडा चुकीचा नाही, पण तो असा एकटा उभा करता येत नाही. गॅल्व्हस्टनच्या मृतांचे अंदाज ६,००० पासून १२,००० पर्यंत जातात आणि ८,००० हा त्यांतला सर्वांत रुळलेला. एवढी तफावत का, याचं उत्तर वादळानंतरच्या दिवसांत आहे. सप्टेंबरचा उकाडा, शहरभर प्रेतं, पुरायला कोरडी जमीन नाही. अधिकाऱ्यांनी शेकडो प्रेतं तराफ्यांवर घालून, वजनं बांधून खोल समुद्रात सोडली. त्यांतली बरीच लाटांबरोबर पुन्हा किनाऱ्याला लागली. मग जिथे प्रेत सापडेल तिथेच ढिगाऱ्यातल्या लाकडांवर ते जाळायचं ठरलं आणि अशा चिता कित्येक आठवडे जळत राहिल्या. ओळख पटवायला कुणाला सवड नव्हती. कुटुंबंच्या कुटुंबं गेली, तिथे ‘आमचा माणूस हरवला’ हे सांगायलाही कुणी उरलं नाही. वाचलेले अनेकजण शहर सोडून निघून गेले. अशा जागी नेमका आकडा देणारा लेख अचूक नसतो, तो फक्त ठाम असतो.

म्हणून परीक्षकाने इथे तीन गोष्टी मागाव्यात. पल्ला द्या, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त. प्रत्येक टोकाला संदर्भ द्या. आणि हा आकडा फक्त शहराचा, पूर्ण बेटाचा की टेक्सासच्या सगळ्या किनाऱ्याचा, ते लिहा. बऱ्याच वेळा ६,००० हा शहरापुरता आणि मोठा आकडा सगळ्या परिसराचा धरलेला असतो, आणि लेखात दोन्ही ‘गॅल्व्हस्टनमधील मृत’ म्हणून वावरतात. लेखाची प्रस्तावना, माहितीचौकट आणि ‘परिणाम’ हा विभाग, तिन्हीकडचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. तीन जागी तीन संपादकांनी तीन वेगवेगळ्या वर्षी हात फिरवलेला असतो. ते जुळले तर मला आश्चर्य वाटतं.

जुन्या काळात मोजदाद ढिसाळ होती, आता सगळं चोख आहे, असं समजू नका. मारिया वादळाचंच बघा. २० सप्टेंबर २०१७ ला ते पोर्तो रिकोवर आलं आणि संपूर्ण बेटाची वीज गेली. ती शेवटच्या घरापर्यंत परत यायला सुमारे ११ महिने लागले. सरकारचा अधिकृत आकडा डिसेंबरात ६४ वर थांबला होता, कारण मृत्यूच्या दाखल्यावर वादळाचा उल्लेख असलेलेच मृत्यू त्यात धरले होते. वीज नसल्यामुळे डायलिसिस चुकलेला, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलेला, रस्ते तुटल्यामुळे दवाखान्यात न पोचलेला माणूस दाखल्यावर नुसता हृदयविकाराने किंवा मधुमेहाने मेलेला असतो. मे २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीचा निष्कर्ष छापून आला. ३,२९९ घरांत जाऊन केलेल्या त्या पाहणीवरून वर्षअखेरपर्यंतच्या जादा मृत्यूंचा अंदाज ४,६४५ निघाला. पण त्याला जोडलेला संभाव्य पल्ला होता ७९३ ते ८,४९८. वृत्तपत्रांनी ४,६४५ उचलला, पल्ला सोडून दिला. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. त्यांनी सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात एरवी किती मृत्यू झाले असते, बेट सोडून गेलेल्या लोकांमुळे त्यात किती फरक पडतो, हे हिशोबात घेऊन २,९७५ जादा मृत्यू काढले. पोर्तो रिकोच्या सरकारने तोच आकडा अधिकृत म्हणून स्वीकारला.

मारियावरच्या लेखात हे तिन्ही आकडे आले पाहिजेत, आणि ते एकाच गोष्टीचे तीन आकडे नाहीत हेही आलं पाहिजे. ६४ म्हणजे दाखल्यांची मोजणी, ४,६४५ म्हणजे नमुना पाहणीवरून काढलेला मध्य, २,९७५ म्हणजे सहा महिन्यांच्या नोंदींवरून केलेलं गणित. लेखकाने नुसतं ‘मृतांच्या संख्येबाबत मतभेद आहेत’ म्हटलं असेल, तर त्याने काहीच सांगितलेलं नाही. कुणाचा कशाबाबत मतभेद, ते लिहायला लावा.

आकडे मागाहून वर सरकतात, तसे कधीकधी खालीही येतात. १९२८ च्या ओकीचोबी हरिकेनमध्ये फ्लोरिडात १,८३६ माणसं मेली असं रेडक्रॉसच्या नोंदीवरून ७५ वर्षं छापलं जात होतं. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने तो आकडा ‘किमान २,५००’ असा बदलला. मेलेल्यांत बहुसंख्य शेतावर राबणारे कृष्णवर्णीय मजूर होते आणि त्यांच्यातल्या शेकडोंना सामुदायिक खड्ड्यांत पुरलं होतं, हे लक्षात घेतलं की आधीची मोजणी तोकडी का पडली ते समजतं. उलट २००५ च्या कॅटरीनाचा १,८३३ हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, आणि तोच त्याच केंद्राने २०२३ च्या सुधारित अहवालात १,३९२ वर आणला. तुमच्यासमोरच्या लेखातला संदर्भ त्याआधीचा असेल, तर तो लेख जुना झाला. तेव्हा संदर्भ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्याचं साल बघा.

‘निष्पाप नागरिकांना आपल्या प्राणांस मुकावे लागले’ याबद्दल फार बोलायला नको. विश्वकोशात माणसं मरतात किंवा मृत्यू पावतात, तेवढं पुरतं. ‘महाभयंकर’ आणि ‘थैमान’ही काढून टाका. पंधरा फूट पाणी चढलं हे सांगितल्यावर विशेषणाला काही काम उरत नाही.

तिसरं वाक्य सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत धोक्याचं. आयझॅक क्लाइन हे गॅल्व्हस्टनच्या हवामान कार्यालयाचे प्रमुख. घोडागाडी जोडून ते किनाऱ्यावर फिरले, लोकांना उंच भागात जायला सांगितलं, हजारोंचा जीव वाचला, ही कथा शंभर वर्षं सांगितली जाते. तिचा उगम मुख्यतः क्लाइन यांच्याच लेखणीत आहे. वादळानंतर त्यांनी केलेला अहवाल त्याच वर्षी ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या सरकारी नियतकालिकात छापला गेला, आणि १९४५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. इतर साक्षींमधून या दाव्याला पुरेसा दुजोरा मिळत नाही, अशी शंका नंतरच्या लेखकांनी घेतली आहे. एरिक लार्सन यांचं १९९९ चं ‘आयझॅक्स स्टॉर्म’ हे त्यातलं सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक.

याच क्लाइन यांनी १८९१ साली गॅल्व्हस्टनच्या वृत्तपत्रात लेख लिहून, वादळाने शहराचं गंभीर नुकसान होईल ही भीती खुळचट ठरवली होती. जवळचं इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या दोन वादळांनी उद्ध्वस्त झालं होतं, त्यावरून गॅल्व्हस्टनला समुद्रभिंत बांधायची चर्चाही झाली होती, पण भिंत काही झाली नाही. दुसऱ्या बाजूला, वादळाच्या रात्री क्लाइन यांच्या घरात सुमारे ५० जण आसऱ्याला आले होते आणि त्यांतले १८ वाचले. क्लाइन यांची गरोदर पत्नी त्या रात्री गेली. हा माणूस नायकही नाही आणि खलनायकही नाही. चांगला लेख दोन्ही गोष्टी मांडतो आणि ‘क्लाइन यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे’ असा शब्दप्रयोग करून दावा दावा म्हणूनच ठेवतो. परीक्षक म्हणून तुम्हाला कुणाची बाजू घ्यायची नाही. ज्याने स्वतःबद्दल लिहिलं त्याचीच साक्ष स्वतंत्र पुरावा म्हणून वापरली गेली आहे का, एवढंच बघायचं. आणि लार्सन यांच्यासारखं गोष्टीच्या अंगाने लिहिलेलं पुस्तक संदर्भाला असेल, तर तारखा आणि घटनांसाठी ते चालेल. ‘त्या क्षणी क्लाइन यांच्या मनात आलं’ अशा वाक्याला चालणार नाही.

चौथं वाक्य एका झटक्यात निकालात निघतं. अमेरिकेत सर्वाधिक बळी, हे बरोबर. अटलांटिकमध्येसुद्धा पहिला क्रमांक १७८० च्या महाहरिकेनचा लागतो, ज्यात कॅरिबियन बेटांवर सुमारे २२,००० माणसं मेली. १९७० च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख लोक मेल्याचे अंदाज आहेत. ‘सर्वांत’ हा शब्द दिसला की ‘कुठल्या प्रदेशात आणि कुठल्या काळात’ हे विचारायचंच. ‘मानले जाते’ दिसलं की ‘कोण मानतं’ हेही.

लिहिलेलं तपासून झालं. आता न लिहिलेलं तपासायचं, आणि मला विचाराल तर परीक्षणाचा खरा कस इथे लागतो. साचा भरला म्हणजे लेख परिपूर्ण झाला, असं लेखकाला वाटत असतं.

गॅल्व्हस्टनच्या लेखात क्यूबा आहे का बघा. वादळ आधी क्यूबावरून गेलं होतं. हवानातल्या बेलेन वेधशाळेत वादळांचा पिढीजात म्हणावा असा अभ्यास होता, आणि तिथल्या जाणकारांना हे वादळ मेक्सिकोच्या आखाताकडे निघालेलं दिसत होतं. अमेरिकेचं हवामान खातं मात्र ते वळून फ्लोरिडाकडे आणि पुढे अटलांटिकमध्ये जाईल, असं धरून बसलं. क्यूबा तेव्हा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता, आणि खात्याचे प्रमुख विलिस मूर यांच्या कारभारात क्यूबन अभ्यासकांच्या हवामानविषयक तारा अडवल्या जात होत्या. हे प्रकरण नसेल, तर ‘इशारा उशिरा मिळाला’ हे वाक्य निसर्गाच्या माथी सगळं मारून मोकळं होतं.

मग प्रेतं कुणी उचलली ते बघा. समुद्रात नेण्यासाठी प्रेतं तराफ्यांवर चढवायला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपलं होतं. त्याच दिवसांत वृत्तपत्रांनी मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने लुटणाऱ्यांच्या आणि त्यांना गोळ्या घातल्याच्या बातम्या रंगवून छापल्या, बहुतेक वेळा लुटारू कृष्णवर्णीय असल्याचं सांगत. गोळ्या घातलेल्यांची संख्या बातमीगणिक बदलत गेली. १९०० सालचं वृत्तपत्र हे त्या काळचं साधन आहे म्हणून ते विश्वासार्ह, असं होत नाही. अशी बातमी लेखात सत्य म्हणून आली असेल, तर तटस्थतेच्या निकषावर लेख तिथेच अडवावा.

नंतरच्या काळाबद्दल काय आहे? १९०२ ते १९०४ मध्ये १७ फूट उंचीची समुद्रभिंत उभी राहिली, आणि मग शहरच वर उचललं गेलं. दोन हजारांवर इमारती जॅक लावून चढवल्या, खाडीतून उपसलेली वाळू त्यांच्याखाली भरली. १९११ पर्यंत ते काम चाललं. १९१५ साली तसंच जोरदार वादळ आलं तेव्हा शहरातली जीवितहानी पूर्वीच्या मानाने अगदी थोडी झाली. याला लेखात दोन ओळी मिळाल्या असतील आणि वादळाच्या वाटेला आठ परिच्छेद, तर तोल गेला म्हणून नोंदवा. मात्र ‘या वादळामुळेच जवळचं ह्यूस्टन मोठं झालं’ हे वाक्य आलं तर थांबा. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमधल्याच स्पिंडलटॉपला तेल लागलं आणि १९१४ साली ह्यूस्टनचा जहाजमार्ग खुला झाला. एका वादळावर एवढं मोठं श्रेय टाकायचं तर आर्थिक इतिहासाचा संदर्भ लागेल.

संदर्भ तपासताना सगळे उघडून बघणं शक्य नसतं आणि गरजही नसते. मृत्यूंशी, दोषारोपाशी आणि जिवंत माणसांशी संबंधित प्रत्येक संदर्भ उघडा. बाकीच्यांतले पाच-सात कुठलेही घ्या. संदर्भात ते वाक्य खरंच आहे का, एवढं बघा. त्यातही एक चक्र असतं: विकिपीडियावरचा बिनसंदर्भ आकडा एखादी बातमी उचलते, आणि वर्षभराने तीच बातमी त्या आकड्याचा संदर्भ म्हणून लेखात येऊन बसते. लेखाच्या इतिहासात आकडा कधी आला आणि बातमीची तारीख काय, हे ताडलं की ते उघडं पडतं. छापील कोशात हा खेळ नसतो. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि नोंद ज्या वर्षी छापली तिथे ती थांबते. तिथे एकच प्रश्न राहतो, की त्या वर्षानंतर काय बदललं.

मराठी लेख इंग्रजीवरून केलेला असेल, तर मूळ लेखातली चूकही सोबत आली आहे असं धरूनच चाला. भाषांतरात नव्याने शिरणाऱ्या चुका वेगळ्या. फुटांचे मीटर, मैलांचे किलोमीटर, आणि मिलियनचे दहा लाख करताना एखादं शून्य घसरतं. नुकसानीच्या डॉलरांचे रुपये केले असतील तर कुठल्या सालच्या दराने, ते विचारा; १९०० सालचे डॉलर आजच्या दराने रुपयांत आणणं निव्वळ हास्यास्पद आहे. चित्रांखालच्या ओळीही वाचा. उद्ध्वस्त लाकडी घरांचे जुने फोटो एकमेकांसारखे दिसतात आणि दुसऱ्याच पुराचा फोटो सहज येऊन बसतो.

आता परीक्षण लिहायचं कसं. “मृतांच्या भागात सुधारणा हवी, संदर्भ कमी वाटतात, भाषा अधिक तटस्थ करावी” हे वाचून लेखकाने करायचं काय? त्याऐवजी असं लिहा: “‘परिणाम’ विभागाच्या दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही ८,००० म्हटलं आहे, माहितीचौकटीत ६,००० ते १२,००० आहे. दिलेल्या संदर्भात मला फक्त ६,००० सापडलं, तेही ‘किमान’ म्हणून. दोन्ही जागी एकच मांडणी करावी, आणि हा आकडा शहराचा की सगळ्या किनाऱ्याचा ते लिहावं.” विभाग, वाक्य, अडचण, मागणी. केल्याशिवाय दर्जा मिळणार नाही अशा गोष्टी आधी, केल्यास बरं अशा नंतर, आणि दोन्हींची सरमिसळ नको. लेखकाला ‘तुम्ही’ म्हणा, शक्यतो एखादी चांगली जमलेली जागाही दाखवा. फुकट काम करणारा माणूस असतो तो. वाद झाला तर आपल्या मताने नाही, संदर्भाने बोला.

दर्जा द्यायची घाई करू नका, विशेषतः वादळ ताजं असेल तर. राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा प्रत्येक वादळावरचा सविस्तर अहवाल काही महिन्यांनी येतो, आणि तोवर लेखातले आकडे रोज हलत असतात. असा लेख कितीही भरगच्च असला, तरी ‘स्थिर’ या कसोटीला उतरत नाही. ‘अहवाल आल्यावर पुन्हा सादर करा’ एवढं लिहून परत पाठवणं हेही परीक्षणच आहे.

शेवटी ह्यूस्टनकडच्या मराठी वाचकांना एक विनंती. गॅल्व्हस्टन तुमच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि सुट्टीत तुम्ही तिथे जाताच. तिथल्या रोझेनबर्ग ग्रंथालयात या वादळाची कागदपत्रं, पत्रं, फोटो आणि मृतांच्या नावांची यादी जपून ठेवली आहे. पुढच्या खेपेला तासभर तिथे बसा, लेखातला एखादा बिनसंदर्भ दावा सोबत न्या, आणि कागदाचं नाव, तारीख, पान क्रमांक टिपून आणा. येताना समुद्रभिंतीचे फोटोही काढा, ते मुक्त परवान्याखाली लेखाला देता येतील. भिंतीवरच्या वादळस्मारकाच्या पुतळ्याचा फोटो मात्र चढवू नका. अमेरिकेत सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या नव्या शिल्पांवरही शिल्पकाराचा हक्क असतो आणि तो फोटो काढून टाकला जाईल.